सगळंच मुक्तछंदात आलं तेव्हा: रशियन कवितेच्या एका विभागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दिवाळी अंकाचं आहे. अंक लहान, जाहिराती बेताच्या, पण कवितेचा विभाग दरवर्षी जीव ओतून केला जातो. काही वर्षांपूर्वी संपादकांनी ठरवलं की यंदा बत्तीस पानं रशियन कवितेला द्यायची, आणि तीही एकाच प्रश्नाभोवती: वृत्त आणि यमक घट्ट धरून बसलेल्या रशियन कवितेत मुक्तछंद आला कसा, कुणी आणला, आणि त्याला इतका उशीर का झाला. विभाग जुळवण्याचं काम माझ्याकडे आलं. माणसांची आणि अंकाची ओळख इथं दिलेली नाही. बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो. संपादक, ज्यांना सगळे ताई म्हणतात. सर, ज्यांनी आयुष्यभर रशियन शिकवलं आणि ज्यांना पानंच्या पानं कविता तोंडपाठ आहेत. दोन अनुवादक: एक स्वतः चांगला कवी, हिंदी-इंग्रजीवरून अनुवाद करणारा. दुसरी वयानं लहान, रशियनची दोन वर्षं पूर्ण केलेली, शब्दकोश उशाशी ठेवून मुळातून करणारी.

यादी सरांची आणि माझी. पुश्किनची १८२९ ची आठ ओळींची प्रेमकविता, फेतची १८४० च्या दशकातली एक, मग ब्लोक, कुझमिन, मायकोव्हस्की, मांदेलश्ताम, आख्मातोवा, आणि शेवटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मुक्तछंदाचे कवी: बूरिच, कुप्रियानोव, आयगी. सगळ्या मिळून अठरा कविता.

अनुवाद वेळेत आले. भाषा ओघवती होती, कुठे अडखळायला होत नव्हतं. ताईंनी पानं लावायला दिली.

अडचण कुठे दिसली

मुद्रितं सरांकडे पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अगं, पुश्किन संपून कुझमिन सुरू झाला हे मला वरचं नाव वाचून कळलं. कविता वाचून कळलं नाही."

मी म्हटलं, "सर, अनुवाद आवडले नाहीत का?"

"आवडले. तीच तर पंचाईत आहे. सगळे सारखेच आवडले."

मी मुद्रितं पुन्हा काढून बसले आणि पोटात गोळा आला. अठराच्या अठरा कविता मुक्तछंदात होत्या. विभागाचा मथळा विचारत होता की रशियन कवितेनं यमक कसं सोडलं, आणि बत्तीस पानांत सोडण्यासाठी यमकच नव्हतं.

कुणी चूक केली असं म्हणता येत नव्हतं. मराठीत आज कवितेचा अनुवाद करायला बसलं की हात आपोआप मुक्तछंदाकडे जातो. अनिलांनी १९३० च्या दशकात मुक्तछंद रुजवला, तेव्हा त्यांच्या ओळींना पाच-सहा अक्षरांच्या गटांची लय होती आणि त्या लयीवर वाद झाले होते. नंतर शब्द सैल झाला. आता वृत्त नसलेलं जे काही असेल त्याला आपण मुक्तछंद म्हणतो, आणि तो लिहिण्यात कुणाला धाडस वाटत नाही. आमच्या दोन्ही अनुवादकांनी मराठी कवितेची आजची सहज बोली वापरली. पण त्या सहजतेत रशियन कवीचा निर्णय विरघळून गेला.

रशियनमध्ये यमक सोडणं म्हणजे काय

प्रकरणाचा जीव इथं आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

रशियन कवितेचं आजचं वृत्त तसं तरुण आहे. त्रेदियाकोव्हस्कीनं १७३५ मध्ये आणि लोमोनोसोव्हनं १७३९ मध्ये ते शास्त्र मांडलं: ओळीतली अक्षरं मोजायची आणि आघात ठरावीक जागी पाडायचे. त्याआधी पोलिश वळणाची, नुसती अक्षरं मोजणारी कविता होती. नवी पद्धत भाषेला अशी बसली की ती तिथून हललीच नाही. याचं कारण भाषेच्या घडणीत आहे. रशियन शब्दावर एकच ठसठशीत आघात असतो, तो शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असेल, मधल्या किंवा शेवटच्याही. बिनआघाताचे स्वर पुसट होतात. त्यामुळे वृत्त कानाला लगेच कळतं. विभक्ती-प्रत्यय भरपूर, म्हणून शब्दांचा क्रम हवा तसा फिरवता येतो आणि कुठलाही शब्द ओळीच्या टोकाला नेता येतो. यमकं मुबलक मिळतात आणि लवकर झिजत नाहीत. फ्रेंच आणि इंग्रजी कविता विसाव्या शतकात यमकापासून दूर गेली, तेव्हा रशियन कवीला ती निकड जाणवली नाही.

दुसरं कारण सर सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. स्टालिनच्या काळात आख्मातोवाच्या 'रेक्विएम' या दीर्घकवितेच्या ओळी कागदावर ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून त्या वर्षानुवर्षं जवळच्या माणसांच्या पाठांतरात राहिल्या. मांदेलश्तामच्या शेवटच्या वर्षांतल्या कविता त्याच्या पत्नीनं पाठ करून जपल्या. ज्या देशात कविता डोक्यात लपवून ठेवावी लागते तिथं वृत्त आणि यमक हे तिचं कुलूप-किल्ली असतं. यमक म्हणजे जुनाट शोभा असं आपण पटकन म्हणतो, ते या कवितांसमोर म्हणवत नाही.

आता अशा भाषेत एखादा कवी यमक सोडतो, तेव्हा वाचकाला पायरी चुकल्यासारखं होतं. फेतनं १८४० च्या दशकात जर्मन कवी हाइनेच्या समुद्रकवितांच्या वाटेनं असे थोडे प्रयोग केले. कुझमिननं १९०५ ते १९०८ दरम्यान 'अलेक्झांड्रियाची गाणी' लिहिली. तो संगीत शिकलेला माणूस, पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत रिम्स्की-कोर्साकोवचा विद्यार्थी. यमकाच्या जागी त्यानं पुनरावृत्ती आणली: ओळीमागून ओळ एकाच शब्दानं सुरू होते, आपल्याकडे ओवीत किंवा भूपाळीत होतं तसं काहीसं, आणि कान त्या परतणाऱ्या शब्दाची वाट पाहायला लागतो.

ब्लोकचं उदाहरण मला सगळ्यांत प्रिय आहे. हा यमकाचा आणि संगीताचा कवी. १९०८ च्या फेब्रुवारीत त्यानं दोन कविता मुक्तछंदात लिहिल्या. एकीत थंडीतून आलेली, गाल लाल झालेली मुलगी खोलीत शिरते, बडबड करते, जाडजूड मासिक जमिनीवर पाडते, आणि मोठ्यानं 'मॅकबेथ' वाचायला सांगते. ती खोलीत येताच कामाची शिस्त मोडते, तशीच कवितेचीही. दुसरीत कवी समोर उभ्या असलेल्या तरुण मुलीला म्हणतो की तू एखाद्या साध्या माणसावर प्रेम कर, जो पृथ्वी आणि आकाश यांवर प्रेम करतो, आणि पृथ्वी-आकाशाबद्दलच्या यमकातल्या आणि बिनयमकाच्या बोलण्यापेक्षा जास्त करतो. हे वाक्य कवी स्वतः बिनयमकाच्या कवितेत उच्चारतो आहे. म्हणजे यमक टाकून दिलं तरी आपण शब्दांचेच राहिलो, अशी कबुली तो देतो. आमच्या मुद्रितांत या कवितेच्या आधीची पानं पाहिली तर कुठेच यमक नाही. मग 'यमकातल्या' हा शब्द कशाकडे बोट दाखवणार?

मांदेलश्तामनं १९२३ मध्ये 'नाल सापडलेला माणूस' ही लांब कविता मुक्तछंदात लिहिली. काळाचा सांधा निखळल्याची ती कविता आहे, आणि इतक्या ठामपणे तो त्या रूपात पुन्हा फारसा गेला नाही. त्याच्यासाठी ते एकदाच उघडलेलं दार होतं.

पुढे सोव्हिएत काळात मुक्तछंदावर थेट बंदी नव्हती, पण तो परका मानला गेला. अमेरिकन कवी व्हिटमनला चुकोव्हस्कीनं १९०७ पासून रशियनमध्ये आणलं होतं. नाझिम हिकमत १९५१ पासून मॉस्कोतच राहत होता आणि त्याच्या तुर्की कविता रशियनमध्ये मुक्तछंदात छापल्या जात. चिलीचा नेरुदा चालत होता. परदेशी कवीला जे चालत होतं ते रशियन कवीनं केलं की संपादकांच्या कपाळाला आठी पडायची. १९७२ मध्ये 'वोप्रोसी लितेरातूरी' या मासिकानं या विषयावर मोठी चर्चा छापली. मुक्तछंदाच्या बाजूचे लोक म्हणत की हे परकं नाही: रशियन वीरगाथांना यमक नव्हतं, चर्चमधल्या प्रार्थनांना नव्हतं. तरी पुस्तकं निघायला वेळ लागला. बूरिच १९३२ चा, त्याचा संग्रह १९८९ मध्ये आला. आयगी रशियातल्या चुवाश भाषिक गावातला, १९५८ मध्ये मॉस्कोच्या साहित्य-संस्थेतून काढून टाकलेला. चुवाशमधून रशियनकडे तो कवी पास्तरनाकच्या सांगण्यावरून वळला. परदेशात त्याचं नाव झालं, पण स्वदेशात त्याचं रशियन पुस्तक निघायला १९९१ उजाडलं. त्याच वर्षी कारेन जांगीरोवनं संपादित केलेला रशियन मुक्तछंदाचा जाडजूड संग्रह मॉस्कोत प्रसिद्ध झाला.

हे सगळं आमच्या प्रास्ताविक लेखात लिहिलेलं होतं. कवितांच्या पानांवर त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं.

दुसरी चूक: तीन शब्द

सरांनी मुद्रितांवर लाल शाईनं आणखी एक खूण केली होती. कवी-अनुवादकानं ब्लोकच्या १९०७ च्या 'मुक्त विचार' या मालिकेतली एक कविता मुक्तछंदाची सुरुवात म्हणून निवडली होती. नाव तसं आहेच. पण ती मालिका पंचपदी आयाम्बिक वृत्तात आहे, म्हणजे एक बिनआघाताचं आणि एक आघाताचं अक्षर अशा पाच जोड्यांची (पदांची) ओळ. तिला फक्त यमक नाही.

हा सापळा भाषेतच आहे. रशियनमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'बेली स्तीख', शब्दशः पांढरी कविता: वृत्त आहे, यमक नाही. पुश्किनचं 'बोरिस गोदुनोव' नाटक बहुतांश असं आहे. 'वोल्नी स्तीख': वृत्त आहे, यमक आहे, फक्त ओळींची लांबी कमी-जास्त. क्रिलोवच्या बोधकथा आणि ग्रिबोयेदोवचं नाटक यात बसतात. आणि 'स्वोबोद्नी स्तीख', म्हणजे 'वेरलिब्र': वृत्त नाही, यमकही नाही. 'वोल्नी' आणि 'स्वोबोद्नी' दोन्हींना शब्दकोश 'मुक्त' म्हणतो. इंग्रजीतून आलं की दोन्ही एकच होतात, आणि मग मराठीत दोन्ही मुक्तछंद.

मराठीत यासाठी शब्द नाहीत असं नाही. यमक नसलेल्या पण वृत्तबद्ध कवितेला 'निर्यमक' म्हणतात, आणि सावरकरांनी अशा रचनेसाठी वैनायक वृत्त घडवलं होतं. आम्ही ते शब्द वापरले नव्हते एवढंच. याची जबाबदारी माझी होती. यादी देताना मी प्रत्येक कवितेपुढे कवी, साल आणि ओळींची संख्या लिहिली होती, रचनेचा रकानाच केला नव्हता.

पर्याय

छपाईला पाठवायला पाच आठवडे होते. ताईंच्या घरी बैठक झाली, चहा दोनदा झाला, आवाज थोडे चढले.

पहिला पर्याय होता तसंच जाऊ द्यायचं आणि प्रास्ताविकात एक परिच्छेद वाढवायचा. तो सोपा होता. पण कान जे ऐकत नाही ते परिच्छेद सांगून पटत नाही, असं सरांचं मत पडलं आणि मलाही ते पटलं.

दुसरा, वृत्तबद्ध कविता मराठी वृत्तात नव्यानं करायच्या. इथं खरी अडचण होती. मराठीत रशियनसारखा आघात नाही. आपली वृत्तं लघु-गुरूंवर, मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर चालतात. आयाम्बिक मराठीत आणताच येत नाही. त्याच्या जागी काय ठेवायचं? चार पदांच्या ओळीला अष्टाक्षरी जवळची वाटते, आठ अक्षरं तर जुळतात. पण अष्टाक्षरी ऐकली की मराठी कानाला अभंग-ओवी आठवते, आणि पुश्किनची सभ्य, शहरी, दिवाणखान्यातली कविता एकदम देवळाच्या ओट्यावर जाऊन बसते. मात्रावृत्त घेतलं तर रविकिरण मंडळाचा वास येतो.

तिसरा पर्याय कवी-अनुवादकाचा. तो म्हणाला, "ताई, यमकासाठी ओळ पिळायची म्हणजे अर्थाचा जीव घ्यायचा. मी ते करणार नाही. त्यापेक्षा वृत्तबद्ध कविता काढूनच टाका, फक्त मुक्तछंदाच्या ठेवा." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. त्याच्या बाजूनं गास्पारोवचं उदाहरणही होतं: रशियन छंदशास्त्राचा हा सर्वांत मोठा अभ्यासक, त्यानं स्वतः युरोपीय कवींच्या वृत्तबद्ध कविता आटवून छोट्या मुक्तछंदात आणल्या होत्या. सरांनी उलट बाजूनं ब्रोद्स्की काढला, जो आपल्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात वृत्त आणि यमक टिकलंच पाहिजे म्हणून अडून बसायचा. दोघंही खरं बोलत होते. पण फरक असा की गास्पारोवच्या वाचकाला मूळ वृत्त काय असतं हे माहीत होतं. आमच्या वाचकाला ते कुठून माहीत असणार?

चौथा पर्याय तरुण अनुवादिकेनं मांडला, जरा चाचरत. प्रत्येक कवितेच्या वर एका ओळीची पाटी लावायची: मूळ रचना काय, यमक कसं. आणि सगळ्या नाही, पण तीन-चार कविता तरी यमकात करायच्या, म्हणजे वाचकाच्या कानाला फरक कळेल.

मायकोव्हस्कीवरून खडाजंगी

बैठकीतला सगळ्यांत मोठा वाद मायकोव्हस्कीचा. मराठीत त्याचं नाव डाव्या चळवळीतून आलं, आणि त्याच्या कवितेचं चित्र आपल्या मनात आहे ते पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणाऱ्या ओळींचं. त्या पायऱ्या त्यानं १९२३ पासून वापरल्या. त्या पाहून कुणालाही वाटतं की हाच मुक्तछंद.

"सर, मायकोव्हस्की आणि यमक?" कवी-अनुवादक म्हणाला. "त्यानं तर सगळं मोडून टाकलं."

सरांनी काही उत्तर दिलं नाही. चष्मा काढून ठेवला आणि १९१८ ची घोड्याची कविता रशियनमधून म्हणायला सुरुवात केली, जिच्यात मॉस्कोच्या रस्त्यावर घोडा घसरून पडतो, गर्दी हसते, आणि कवी एकटाच जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत पाहतो. सुरुवातीच्या चार एकाक्षरी शब्दांत टापा वाजतात. पुढे ओळी तुटक छापलेल्या, पण टोकाला आलेला प्रत्येक शब्द कुठेतरी जोडीदार शोधतो आणि सापडला की खाडकन आदळतो. आम्हा कुणालाही अर्थ नीट कळत नव्हता, तरी यमक सगळ्यांना ऐकू आलं. मायकोव्हस्कीनं स्वतः १९२६ मध्ये कविता कशी करावी यावर लिहिताना सांगितलं आहे की सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ओळीच्या शेवटी ठेवायचा आणि काही झालं तरी त्याला यमक मिळवायचं. वृत्त त्यानं सैल केलं, आघात मोजले, यमक मात्र अधिक घट्ट केलं.

म्हणणं संपलं तेव्हा खोलीत शांतता होती. कवी-अनुवादक म्हणाला, "मला हे आधी कुणी ऐकवलं का नाही?"

मी खाली मान घातली. कारण ऐकवायला हवं होतं ते मी.

काय केलं

ताईंनी चौथा पर्याय उचलला आणि त्याला दुसऱ्याची जोड दिली. पाच कविता पुन्हा करायच्या ठरल्या.

मायकोव्हस्की कवी-अनुवादकानं स्वतःहून घेतला. नऊ दिवसांनी त्यानं जो मसुदा आणला त्यात 'टाप', 'धाप', 'पाप' असे शब्द ओळींच्या टोकांना ठोकलेले होते, आणि अर्थाच्या दोन-तीन ठिकाणी त्यानं मूळ सोडलं होतं. सरांनी त्यातली एक जागा परत मागितली, बाकीच्यांना हरकत घेतली नाही. माझ्या मते विभागातला तो सर्वोत्तम अनुवाद झाला.

पुश्किन तरुण अनुवादिकेनं केला, आठ ओळी, एकाआड एक यमक, मात्रा मोजून. तो आधीच्या मुक्तछंदी अनुवादाइतका स्वच्छ नाही. एक विशेषण यमकापायी आलं आहे, हे आजही टोचतं. पण त्यात मुळातला तोल आला: माणूस आतून हललेला आहे आणि बोलताना शिष्टाचार सोडत नाही. मुक्तछंदात ते नुसतं विनम्र पत्र वाटत होतं.

फेत मुक्तछंदातच राहिला, कारण तो मुळात तसाच होता. ब्लोकची 'मुक्त विचार' मालिकेतली कविता आम्ही निर्यमक वृत्तात करून पाहिली, जमली नाही, म्हणून काढली. तिच्या जागी ब्लोकची एक सुरुवातीची यमकबद्ध कविता घेतली आणि समोरच्याच पानावर १९०८ च्या दोन्ही ठेवल्या. डाव्या पानावर यमक, उजव्या पानावर त्याच माणसानं सोडलेलं यमक.

एक अडथळा आम्ही धरलेलाच नव्हता. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. ब्लोक, कुझमिन, मायकोव्हस्की, मांदेलश्ताम यांचा प्रश्न नव्हता. आख्मातोवा १९६६ मध्ये गेली, बूरिच १९९४ मध्ये, आयगी २००६ मध्ये, कुप्रियानोव १९३९ चा, तेव्हा त्याच्या हक्कांचा प्रश्नच मिटलेला नव्हता. परवानगीची पत्रं आम्ही उशिरा पाठवली आणि छपाईपर्यंत उत्तरं आली नाहीत. म्हणजे मुक्तछंदाचा ज्या काळात खरा विस्तार झाला त्याच काळातल्या कविता हातातून गेल्या. पाच पानं रिकामी झाली.

तेव्हा सरांनी क्सेनिया नेक्रासोवाचं नाव काढलं. जन्म १९१२, मृत्यू १९५८. हक्क संपलेले. लेखकसंघानं कधी सदस्य करून न घेतलेली, हलाखीत जगलेली बाई. युद्धाच्या वर्षांत ताश्कंदमध्ये आख्मातोवानं तिची कविता ओळखली होती. हयातीत एक पातळ संग्रह निघाला, १९५५ मध्ये. ती मुक्तछंदात लिहायची ते कुठल्या सिद्धांतासाठी नाही. तिला जग तसंच दिसायचं: गवत, चिखल, चेहरे, आश्चर्यानं पाहिलेलं. चारी बाजूंनी यमकाचा गजर चालू असताना ही एकटी बाई हळू आवाजात बोलत होती. आमच्या मूळ यादीत ती नव्हती, याची मला आज लाज वाटते. तिच्या चार कविता घेतल्या. बूरिच आणि आयगीवर कवितांऐवजी दीड पानाची टिपणं दिली.

प्रत्येक कवितेवर पाटी लागली. उदाहरणार्थ: 'मूळ: आयाम्बिक, पाच पदं, यमक एकाआड एक. मराठीत: मात्रावृत्त.' किंवा 'मूळ: वृत्त नाही, यमक नाही. मराठीत: तसंच.' सुरुवातीला ताईंना हे औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं वाटलं. अक्षर बारीक आणि फिकट केल्यावर त्या राजी झाल्या.

परिणाम

अंक आठ दिवस उशिरा निघाला. विक्रेत्यांच्या बाबतीत ते महाग पडलं, दिवाळी अंकाचे पहिले दिवस गेले की गेले.

वाचकांची पत्रं आली त्यात दोन टोकं होती. एका जुन्या वाचकानं लिहिलं की घोड्याची कविता त्यांनी नातवाला मोठ्यानं वाचून दाखवली आणि त्यानं ती पुन्हा मागितली. एका कवीनं कळवलं की यमकातले अनुवाद त्याला कालबाह्य वाटले, आणि पाट्या वाचकाला शाळेत बसवतात. पुश्किनबद्दल त्याचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढू शकत नाही.

ज्यासाठी खटाटोप केला ते मात्र साधलं. वाचकांनी नेक्रासोवाबद्दल विचारलं, तिचं आणखी काही मिळेल का म्हणून. आणि अंकाच्या प्रकाशनाला सरांनी ब्लोकच्या तीन कविता आधी रशियनमध्ये आणि मग मराठीत वाचल्या, तेव्हा पहिलीनंतर दुसरी सुरू होताच सभागृहात लोक मान वर करून पाहायला लागले. काहीतरी बदललं हे भाषा न येणाऱ्यांनाही जाणवलं. पायरी चुकल्यासारखं होतं असं मी वर म्हटलं, ते तेव्हा समोर बघितलं.

पुन्हा करायचं झालं तर

यादी करतानाच रचनेचा रकाना घालीन: वृत्त आहे का, यमक आहे का, ओळी सारख्या आहेत का. तीन प्रश्न. 'मुक्त' हा शब्द रकान्यात लिहायचाच नाही, कारण तो तीन गोष्टींना चिकटतो.

अनुवादकाला मजकूर देण्याआधी आवाज देईन. सरांनी म्हटलेली कविता फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवल्यामुळे आमचे पाच आठवडे गेले.

हक्कांची पत्रं सहा महिने आधी जातील. आणि छापील पानावरचा आकार पाहून रचना ठरवणार नाही. मायकोव्हस्कीच्या तुटक ओळींनी आम्हाला फसवलं, आणि उलटही होऊ शकतं: सरळ, गद्यासारख्या दिसणाऱ्या ओळींत वृत्त दडलेलं असू शकतं.

सगळ्या वृत्तबद्ध कविता वृत्तातच करायच्या का, यावर मात्र माझं मत आजही पक्कं नाही. पाच पुरेशा झाल्या असं ताई म्हणतात. सर म्हणतात आठ हव्या होत्या.

आणि ब्लोकच्या यमकाबद्दलच्या त्या ओळींवरचा वाद अजून मिटलेला नाही. आम्ही 'यमकातल्या आणि बिनयमकाच्या बोलण्यापेक्षा' असं छापलं. तरुण अनुवादिकेला 'जुळलेल्या आणि न जुळलेल्या' हवं होतं, कारण मराठीत जुळणं म्हणजे यमकही आणि माणसांचंही, आणि ती कविता न जुळलेल्या माणसांचीच आहे. सर तेव्हा नाही म्हणाले होते. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तिला सांग, 'जुळलेल्या'चा मी अजून विचार करतो आहे."